सरांच्या हातची फिल्म

शेफालीने मोजू नये ते मोजलं होतं. तिच्या पीएचडीच्या गाइडनी, नगरकर सरांनी, स्वतःच्या हातांनी बनवलेली फिल्म.

फिल्म म्हणजे प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, त्यात लिथियमचं मीठ मिसळलेलं. बॅटरीत द्रवाऐवजी हाच बसवायचा. मिठाचे आयन त्यातून सरकले की वीज वाहते. मीठ वाढवलं की आयन वाढतात, हे खरं. पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे ते एकमेकांना चिकटतात, प्लास्टिकही ताठरतं आणि सगळं ठप्प. दिवाळीत लक्ष्मी रस्त्यावर गाड्या काय कमी असतात? हलते का एक तरी?

सरांच्या फिल्ममधून वीज जेमतेम सरकत होती. आणि दुपारी सर तीच घेऊन पहिल्यांदा चाकणच्या एका कंपनीत दाखवायला निघणार होते.

तिने सीनियर रविराजला सांगितलं. तो पांढराफटक पडला. सरांची फिल्म मोजायची नसते, एवढंही कळत नाही? नैवेद्याची कुणी आधी चव घेतं का? लॅबमधल्याच आमोदने एकदा नुसतं ‘पण सर’ म्हटलं होतं, आता तो कोथरूडला अकरावीचे क्लास घेतो. पीएचडी हवी असेल तर गप्प बस, म्हणाला.

पीएचडी हवीच होती. पण चाकणला फजिती झाली की खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती केबिनमध्ये शिरली आणि एका दमात म्हणाली, “सर, मीठ जास्त झालंय. मी मोजून बघितलं.”

सरांनी चष्मा काढला. झालं, आता गाशा गुंडाळायचा, तिने मनाशी धरलं. पण सर चिडले नाहीत, गोंधळले. असं कसं होईल, म्हणाले. मागच्या वेळी मीठ वाढवलं तेव्हा आकडा वाढला. त्याच्या आधीही वाढलाच होता. मोजता तर तुम्ही पोरंच.

शेफालीने सांगून टाकलं.

“तुमची फिल्म कुणी मोजत नाही, सर. भीती वाटते. तुम्ही मीठ वाढवलं की सगळे आकडा वाढवून लिहितात.”

सर मटकन खुर्चीत बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले,

“म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या भीतीच्या मापाने मीठ घालत होतो?”