सेनापतींचा सत्कार

शिवजयंतीला शारजातील एका मराठी मंडळाने तेथे राहणाऱ्या एका निवृत्त जर्मन सेनापतींचा सत्कार योजला. फेटा बांधून झाला, आणि सभेत जर्मन जाणणारा एकटा शैलेंद्र त्यांची कारकीर्द मराठीत सांगू लागला. “अख्खी हयात सैन्यात, आणि लढाई एकही नाही! मंडळी, यांच्यापेक्षा आमचे खजिनदार मीटिंगमध्ये जास्त लढलेत!” सभागृह खदखदून हसले. सेनापतींनी कुतूहलाने विचारले, “काय सांगितलंत?” शैलेंद्र चपापला. “हेच, की आपल्या कारकिर्दीत युद्ध झालं नाही.” “आणि त्याचा यांना एवढा आनंद?” “हो, सर.” वृद्ध सेनापती उठले आणि हात जोडून जर्मनमध्येच बोलले, “माझे वडील युद्धावर निघाले, तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. युद्ध झालं नाही म्हणून आनंदणारी माणसं मला प्रथमच भेटली.” सभागृह भाषांतरासाठी थांबले. शैलेंद्रने ध्वनिक्षेपक ओठांशी नेला. मान मात्र वर होईना.