न चुकणाऱ्या बाई

सातवीच्या वर्गात, भिंतीवरच्या पडद्यावर, शर्वाणीची आई अपूर्णांक शिकवत होती. तिला जाऊन वर्ष झालं होतं. शाळेने तंत्रज्ञान निधीतून, तिच्या जुन्या तासांच्या चित्रफितींवरून, संगणकाच्या मदतीने तिला पुन्हा उभं केलं होतं. ते चालू ठेवायचं का, हे शर्वाणीने आज सांगायचं होतं.

शेवटच्या बाकावर मुख्याध्यापकांशेजारी शर्वाणी एका चुकीची वाट पाहत बसली. आई असताना दर तासाला फळ्यावर मुद्दाम एक चूक करायची आणि "चुकलात, बाई!" म्हणून ओरडायला मुलं टपलेली असत. आज वर्ग चिडीचूप होता.

"ही चुकत नाही का?" शर्वाणीने विचारलं.

"चुका आम्ही काढून टाकल्या ना, ताई," मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले. "आता बाई एकदम अचूक!"

पडद्यावरची आई हसली, अगदी तिच्यासारखीच.

"बंद करा," शर्वाणी म्हणाली, आणि पडदा विझेपर्यंत तिने मान वर केली नाही.