चौसष्टपैकी दोन

विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बाहेरचा माणूस बसणार, हे साहेबांनी बाईंना सकाळीच सांगून टाकलं. “तुमच्या हाताला गुण आहे हो, पण विभाग सांभाळणं तुम्हाला झेपायचं नाही.” बावीस वर्षं कारखान्यातलं एकही यंत्र अडू न देणाऱ्या बाई हत्यारांची पेटी उचलून कामाला लागल्या. पत्रा कापायच्या मशीनला जोडलेल्या जुनाट कॉम्प्युटरच्या डिस्कने कालच मान टाकली होती. बाईंनी त्यात नवी डिस्क बसवली आणि जेवणाच्या सुट्टीआधी मशीन पुन्हा धडधडायला लागलं.

साहेब स्क्रीनपाशी वाकले. “हा तर दोनच जीबी दाखवतोय. आपण चौसष्टची आणली ना? दुकानदाराने फसवलं वाटतं.”

“डिस्क चौसष्टचीच आहे, साहेब. या कॉम्प्युटरलाच दोनच्या पुढचं दिसत नाही.”

“म्हणजे बाकीची सगळी वायाच.”

“इथं वाया. दुसरीकडे लावली की सगळी दिसते.”

बाईंनी शेवटचा स्क्रू आवळला, हात पुसले आणि खिशातून घडी घातलेला राजीनामा काढून साहेबांपुढे धरला.