निळ्या शेपटीचा पक्षी

पक्षीनिरीक्षकांच्या गटात वायरमनला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं, म्हणून त्याने ठोकून दिलं, "नदीकाठच्या बागेत, दाण्यांच्या भांड्यावर निळ्या शेपटीचा पक्षी आला होता!" त्याच्या काकांना उभ्या जन्मात न दिसलेला पक्षी. आज कडाक्याच्या थंडीत सगळे तिथे कुडकुडत होते आणि सर्वांपुढे, चाकांच्या खुर्चीत, डॉक्टरांना न जुमानता आलेले काका खोकत होते. भांड्यावर नुसत्या चिमण्या. "पक्षी आला होता की बाता मारल्यास?" मास्तरीणबाई फणकारल्या. काकांना पुन्हा उबळ आली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं, तोच काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "तो बघा! पोरगा म्हणाला तस्साच! अरेरे, उडाला." सगळ्यांनी वायरमनची पाठ थोपटली. मान खाली घालून त्याने काकांची दुर्बीण हातात घेतली. भिंगांवरची झाकणं काढलेलीच नव्हती.