पहिली गोळी

मामांनी गोळ्यांची पट्टी फोडायला घेतली, तशी मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. परवा त्यांना पहिल्यांदाच आकडी आली होती आणि डॉक्टरांनी आईला दिलेलीच गोळी लिहून दिली होती. आईला जाऊन दोन महिने झाले होते.

"तुझ्या आईला पित्त उठलं होतं. वेळेवर आमसूल चोळलं असतं तर उतरलं असतं."

"पित्त नव्हतं, मामा. किती वेळा सांगू? तिची रोगप्रतिकारशक्ती या गोळीला शत्रू समजून तिच्याच अंगावर उलटली. कातडीची सालं निघाली. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तुमच्या रक्तातही तेच असू शकतं. आधी रक्त तपासू, डॉक्टर दुसरी गोळी देतील."

"एकही गोळी चुकवू नका म्हणालेत ते."

"आईच्या वेळी मलाही हेच सांगितलं होतं."

मामांनी हात पुढे केला. "आण इकडे. सोसली नाही तर माझं मला कळेल."

"आईलाही कळलं होतं," मी म्हणाले. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "पुरळ दाखवून म्हणाली, ही गोळी नको. मी दटावून आणखी चार दिवस दिली."

मामांनी हात मागे घेतला. "चल, रक्त तपासून येऊ," म्हणत ते उठले आणि चपला शोधू लागले.