काजळीचे बूट

पुतळानं घोडीच्या बुटाची पट्टी टर्रकन सोडली आणि तिची बोटं पिवळी झाली.

शेंद्र्याच्या मैदानात पुतळा काजळीवर बसून सगळ्यांत शेवटी धावणार होती, तिच्या आधी अजून तीन घोड्या होत्या. तीन पिंपांना वळसे घालून परत सुटायचं, एवढीच शर्यत. पण काजळी तीनदा तिसऱ्या पिंपापाशी अडली होती. "आज अडली तर विकूनच टाकतो हिला," असं मालक नानासाहेबांनी सकाळीच बजावलं होतं. काजळीला पुतळानं शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. ती गेली तर पुतळाला घर खायला उठणार होतं.

वळताना एका पायाचा खूर दुसऱ्याला लागू नये, म्हणून हे जाड बूट. ते चढवायचं काम पुतळाच्या वडिलांचं, मल्हाररावांचं. दुसऱ्या कुणाची हात लावायची बिशाद नव्हती. बाहेरून तर ते असे चमकवत, की तोंड बघून घ्यावं. आज बूट चढवून ते पाणी आणायला गेले, काजळीनं पाय झटकला, म्हणून पुतळानं त्या पायाचा बूट सोडून पाहिला.

आत भंडारा होता. दर शर्यतीला खंडोबाचं नाव घेऊन मल्हाररावांनी चिमूट चिमूट टाकलेला, आणि देवाचा म्हणून कधीच न धुतलेला. घामानं आणि वाळूनं त्याचे खडे झाले होते. जखम नव्हती, पण केस झिजून कातडी लाल झाली होती. तीन शर्यती सगळ्यांनी घोडीलाच नावं ठेवली. पुतळानंही ठेवली. तिला स्वतःची लाज वाटली.

पण देवाचा भंडाराच आड आला, हे आबांना सांगायचं कोणत्या तोंडानं?

तिनं ब्रश घेतला. चारही बूट आतून झाडले, पुसून कोरडे केले. काजळीचे पाय साफ केले. पट्टीखाली एक बोट जाईल, इतपतच बूट आवळले. लाल झालेल्या पायाचा तेवढा राहिला होता. मान वर केली तर समोर मल्हारराव. त्यांची नजर जमिनीवरच्या पिवळ्या खड्यांवर.

"आबा, तिला टोचत व्हतं."

मल्हाररावांनी बादली खाली ठेवली. वाकून त्या लाल कातडीवरून हात फिरवला. मग शेवटचा बूट त्यांनी स्वतः चढवला. रिकामा.

"जा," एवढंच म्हणाले.

पहिलं पिंप. दुसरं. तिसऱ्यापाशी पुतळानं लगाम वळवला. काजळी अडली नाही. पिंपाला घसटून वळली आणि सुटली ती थेट दोरीपार. भोंग्यावर पहिला नंबर पुकारला, तसं मैदान उठून उभं राहिलं. विकायचं नाव कुणी काढलं होतं, अशा थाटात सगळ्यांत आधी नानासाहेबच नाचायला लागले.

मल्हारराव दोरीखालून आत शिरले. कमरेची पिशवी सोडली आणि सगळीच्या सगळी हवेत रिकामी केली. घोडी पिवळी, लेक पिवळी, नानासाहेबांची टोपीसुद्धा पिवळी.

"भंडारा उधळायचा असतो, पोरी," डोळे पुसत ते म्हणाले. "मी येडा कोंबून ठिवीत व्हतो."