न थकणारी जात

नीलकंठरावांनी पळवण्याआधी आणि पळवल्यानंतर दोन घोड्यांचं रक्त तपासलं. तबेल्यातल्या मारवाडी घोड्याच्या रक्तातलं, थकव्याने वाढणारं लॅक्टिक ॲसिड पळाल्यावर चांगलंच वाढलं. एक्क्याला जुंपायच्या तट्टाचं मात्र होतं तेवढंच राहिलं.

काशीत दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरी येताच ते हरखून बायकोला म्हणाले, "अगं शरदिनी, या तट्टांची जातच थकत नाही!"

ती सोवळ्यात, देवांसाठी गंगेची तिसरी कळशी घेऊन नुकतीच घाट चढून आली होती. "पळवण्याआधी काय करत होतं ते?"

"पहाटेपासून स्टेशनवरून यात्रेकरू ओढत होतं. का?"

तिने भरलेली कळशी खाली ठेवली आणि रिकामी उचलली.


"काही नाही. एकदा माझंही रक्त तपासा. मीही थकत नाही, असंच निघेल."